तिआऊच्या तटावर

तटस्थ या शब्दाची फोड केली की अर्थ अगदी साधा निघतो. तटावर उभा असलेला. पाण्यात उतरलेला नाही, पलीकडे गेलेला नाही, काठावरून बघतो आहे. मिझोरम आणि म्यानमारच्या मधून तिआऊ नावाची नदी वाहते. फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली तेव्हापासून हजारो माणसं सीमा ओलांडून मिझोरममध्ये आली आहेत. त्याच वर्षी 18 जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या लष्कराच्या निषेधाचा ठराव आला. बाजूने 119 देश, विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ 36. भारत त्या 36 मध्ये होता, चीन आणि रशियाच्या पंक्तीला.

ब्रह्मदेश म्हटलं की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. मंडालेचा तुरुंग आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा. म्हणजे आपली त्या देशाशी ओळख टिळक सुटले त्या 1914 च्या किंवा थिबा वारला त्या 1916 च्या पुढे फारशी सरकलेली नाही. म्हणून आज जरा अलीकडच्या एका माणसाबद्दल लिहितो. ते डॉक्टर आहेत. म्हणजे होते. म्हणजे आजही आहेत, पण गेली काही वर्षं त्यांची ओळख वेगळी आहे. डॉ. सासा.

म्यानमारच्या पश्चिमेला, मिझोरमला खेटून चिन नावाचं राज्य आहे. (चि ऱ्हस्व. दीर्घ ची असलेल्या बलाढ्य शेजाऱ्याचा याच्याशी संबंध नाही, आणि मराठीत हा घोळ नेहमी होतो.) त्याच्या दक्षिण भागात लैलेनपी हे डोंगरातलं गाव सासांचं. जमात मारा. हीच मारा माणसं सीमेच्या अलीकडे, मिझोरमच्या सियाहा जिल्ह्यात राहतात. त्यांची आपल्या राज्यघटनेखाली स्वायत्त जिल्हा परिषदसुद्धा आहे. एकाच जमातीच्या मधून ब्रिटिशांची रेघ गेली, एवढंच. सासांच्या लहानपणी गावात डॉक्टर नव्हता. साध्या जुलाबाने माणसं जायची. मुलगा हुशार आहे, तो शिकला तर आपल्याला डॉक्टर मिळेल, असं गावाने ठरवलं आणि गुरं-कोंबड्या विकून पैसे उभे केले. सासा आधी शिकायला आपल्याच शिलाँगला आले. तिथून आर्मेनियातल्या येरेवानच्या वैद्यकीय विद्यापीठात गेले.

ते तिकडे शिकत असताना 2007 च्या सुमारास डोंगरात बांबू फुलला.

बांबूला फुलोरा आला की दुष्काळ येतो, ही समजूत आपल्या रानातही ऐकू येते. मिझो आणि चिन डोंगरांत ती समजूत राहत नाही, हिशेब असतो. तिथल्या बांबूची एक जात साधारण 48 वर्षांनी एकदम, डोंगरच्या डोंगर फुलते. फळं पडतात, ती खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, आणि फळं संपली की ते शेतातल्या भातावर आणि घरातल्या कणग्यांवर तुटून पडतात. या संकटाला तिथे नाव आहे, माउताम. त्याआधीचा माउताम 1959 चा. तेव्हा मिझो डोंगर आसाम राज्यात होते आणि सरकारने धोक्याचा इशारा गंभीरपणे घेतला नाही. मग तरुणांनी मदतीसाठी संघटना काढली, तिचं नाव मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. तांदळाची पोती पाठीवर घेऊन गावोगाव जाणारी ही पोरं. 1961 मध्ये नावातला ‘फॅमिन’ हा शब्द गळला आणि उरला तो मिझो नॅशनल फ्रंट. 1966 मध्ये त्याने उठाव केला, भारतीय हवाई दलाने ऐजॉलवर बॉम्ब टाकले, आणि 1986 चा करार होईपर्यंत वीस वर्षं गेली. पुढच्याच वर्षी मिझोरम राज्य झालं.

मी हे सगळं सांगतो आहे कारण सासांची वाट याच पायवाटेने जाते. 2007-08 च्या माउतामने सीमेपलीकडची चिन गावं उपाशी पाडली आणि तिथल्या लष्करी राजवटीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वैद्यकीय शिक्षण घेणारा हा तरुण गावी परतला, तात्पुरता दवाखाना मांडला, बाहेर मदतीसाठी आवाज दिला. त्यातून ‘हेल्थ अँड होप’ ही संस्था उभी राहिली. पद्धत अशी की प्रत्येक गावाने आपल्यातला माणूस पाठवायचा, त्याला स्वच्छता, जुलाब, ताप, बाळंतपण यांचं जुजबी पण पक्कं शिक्षण द्यायचं आणि गावात परत पाठवायचं. मराठी वाचकाला हे नवं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच केलं, गडचिरोलीत बंग दांपत्याच्या आरोग्यदूतांनी हेच केलं. फरक इतकाच, की आपल्याकडे सरकार या कामाकडे निदान दुर्लक्ष करतं. तिथे लष्कर संशयाने बघतं.

ज्या माणसाने शेकडो गावांतून आरोग्यसेवक उभे केले त्याला गावं ओळखतात. नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाची चिन राज्यातली प्रचारमोहीम सासांनी सांभाळली. पक्षाने देशभरात 476 पैकी 396 जागा जिंकल्या. 1 फेब्रुवारी 2021 ला नवी संसद भरायची होती. त्या पहाटे लष्कराने सू चींसह नेत्यांना उचललं. सासा राजधानी नेप्यिदॉमध्येच होते. टॅक्सी ड्रायव्हरचा वेष करून ते निसटले आणि तीन दिवसांनी सीमेवर पोचले. निवडून आलेल्या खासदारांच्या समितीने त्यांना संयुक्त राष्ट्रांसाठी विशेष दूत नेमलं. मार्चमध्ये लष्कराने त्यांच्यावर देशद्रोहाचा गुन्हा लावला. 16 एप्रिलला लष्कराला न मानणारं समांतर राष्ट्रीय एकता सरकार जाहीर झालं तेव्हा ते आंतरराष्ट्रीय सहकार्य मंत्री आणि प्रवक्ते झाले. मुत्सद्दी झाले म्हणावं तर दूतावास नाही, राजनैतिक पासपोर्ट नाही, आणि ज्या देशाच्या वतीने बोलायचं त्या देशात पाऊल टाकलं तर फाशीची भीती.

आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, ‘डॉक्टरांनी राजकारणात पडू नये.’ मलाही ते बरेच दिवस पटत होतं. ब्रह्मदेशाकडे बघून ते पटेनासं झालं. तिथे रुग्णालय आणि राजकारण कधी वेगळं राहिलेलंच नाही. सू चींच्या आई खिन ची रंगूनच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या, त्याच पुढे 1960 मध्ये भारतात राजदूत म्हणून आल्या. 1988 मध्ये सू ची परदेशातून परतल्या त्या आजारी आईची शुश्रूषा करायला. त्याच वर्षी 10 ऑगस्टला सैनिकांनी त्या रुग्णालयावर गोळ्या झाडल्या आणि गोळ्या लागलेल्यांत परिचारिका होत्या. दोन आठवड्यांनी सू ची लोकांसमोर पहिल्यांदा बोलल्या त्याही त्याच रुग्णालयात.

2021 मध्येही पहिला नकार डॉक्टरांचाच आला. सत्ताबदलानंतर दोन दिवसांत सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टर-परिचारिकांनी छातीवर लाल फीत लावून लष्कराच्या हाताखाली काम करणार नाही असं जाहीर केलं. मग शिक्षक आले, रेल्वेवाले आले, बँकवाले आले. सविनय कायदेभंगाची चळवळ म्हणून जग जिला ओळखतं तिची सुरुवात ऑपरेशन थिएटरमधून झाली. यावर प्रश्न येतोच: ऐन कोविडमध्ये डॉक्टरांनी रुग्णालय सोडायचं? लष्कराने हाच प्रश्न मोठ्या कळवळ्याने विचारला. मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. संपामुळे उपचार न मिळून माणसं दगावली असणार, आणि ते मानायला नको असेल तर आपण प्रामाणिक नाही. पण या डॉक्टरांनी धर्मादाय दवाखान्यांत, घरांत, फोनवर रोगी तपासणं सुरूच ठेवलं होतं. जुलै 2021 मध्ये कोविडची लाट टिपेला असताना प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी रांगा लागल्या होत्या, आणि रंगूनमधून बातमी आली की साध्या वेषातल्या सैनिकांनी कोविडचा रोगी असल्याचा बनाव करून स्वयंसेवी डॉक्टरांना बोलावलं आणि अटक केली.

जिथे रोगी होऊन येणारा सैनिक असतो तिथे तटस्थ डॉक्टर ही गोष्ट उरत नाही. सगळ्यांवर सारखे उपचार, हा डॉक्टरचा धर्म आहे आणि तो सासांनीही मोडलेला नाही. पण ‘मी फक्त औषध देणार, औषध का पोचत नाही ते विचारणार नाही’ असं म्हणणारा डॉक्टर एका बाजूलाच उभा असतो. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची आठवण इथे येते. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला जे वैद्यकीय पथक पाठवलं त्यात पाच डॉक्टर होते. कोटणीस तिकडेच राहिले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर 1942 मध्ये गेले. ते तटस्थ नव्हते. जपानी आक्रमणाविरुद्ध त्यांनी बाजू घेतली होती. आज दोन्ही देशांनी त्यांची टपाल तिकिटं काढली आहेत, आणि चिनी नेते मुंबईत आले की कोटणीस कुटुंबाला भेटत आले आहेत. बाजू घेणारा डॉक्टर आपल्याला आवडतो, फक्त तो मेलेला आणि तिकिटावरचा असला पाहिजे.

सासांची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. 2021 च्या त्या पहिल्या महिन्यांत म्यानमारच्या रस्त्यांवर तरुण मुलं संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करावा असे फलक घेऊन उभी होती. आणखी किती प्रेतं हवीत, असा त्यांचा सवाल होता. सासांच्या पोस्ट लाखो लोक वाचत होते, आणि त्यांचा सूर आशेचा होता: जग आपल्या बाजूने आहे, थोडं थांबा. जग आलं नाही. सुरक्षा परिषदेत रशिया आणि चीन बसले असताना येणारही नव्हतं, हे कुठल्याही जुन्या राजदूताने सांगितलं असतं. रोग्याच्या नातेवाइकांना खरं काय ते सांगावं लागतं, हे डॉक्टरला शिकवावं लागत नाही. या ठिकाणी डॉक्टर मागे पडला आणि प्रवक्ता पुढे आला, असं मला वाटतं. सप्टेंबर 2021 मध्ये त्यांच्या सरकारने लष्कराविरुद्ध संरक्षणात्मक युद्ध पुकारलं. म्हणजे हा डॉक्टर आता लढणाऱ्या सरकारचा मंत्री झाला. त्या सरकारच्या नावाने लढणाऱ्या काही गटांनी खबरे समजून निःशस्त्र माणसांनाही मारलं आहे. त्याचा जाब सासांना द्यावा लागणार, आणि द्यावाच.

आणखी एक हिशेब जुना आहे. 2017 मध्ये लष्कराने रोहिंग्यांवर मोहीम काढली, सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली. तेव्हा शहरांतले डॉक्टर, वकील, प्राध्यापक बहुतेक गप्प होते. सू ची तर 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लष्कराच्या बचावाला उभ्या राहिल्या. बंदुका स्वतःकडे वळल्यावर पुष्कळ जणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. 3 जून 2021 ला राष्ट्रीय एकता सरकारने रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवणारा 1982 चा कायदा बदलण्याचं आणि रोहिंग्यांना नागरिक मानण्याचं धोरण जाहीर केलं. उशिरा आलं, पण 1982 नंतरच्या कुठल्याही सरकारने इतकंही केलं नव्हतं.

आता दिल्लीकडे येतो. आपल्या धोरणाच्या समर्थकांचे मुद्दे हलके नाहीत. ईशान्येतले बंडखोर गट सीमेपलीकडे तळ ठोकतात, त्यांना हुसकवायला तिथल्या लष्कराची मदत लागते. म्यानमारच्या सितवे बंदरापासून कलादान नदीने पलेत्वा आणि तिथून रस्त्याने मिझोरम, हा आपला मोठा प्रकल्प आहे. आणि आपण तोंड फिरवलं तर चीन आत शिरेल.

या प्रत्येक मुद्द्याचं 2021 नंतर काय झालं ते पाहावं. मे 2023 मध्ये सितवे बंदर सुरू झालं, समारंभ झाला. जानेवारी 2024 मध्ये पलेत्वा अराकान आर्मीने, म्हणजे लष्कराशी लढणाऱ्या बंडखोर सेनेने घेतलं. पलेत्वा चिन राज्यात येतं, म्हणजे आपल्या रस्त्याची किल्ली आता नेप्यिदॉच्या खिशात नाही. पुढच्याच महिन्यात मिझोरमचे एक राज्यसभा खासदार स्वतः सीमा ओलांडून त्या लोकांना भेटून आले, कारण दिल्लीतलं कुणी जात नव्हतं. चीनने तेवढ्यात काय केलं? लष्कराला आणि त्याच्याशी उत्तरेत लढणाऱ्या तीन गटांना कुन्मिंगमध्ये समोरासमोर बसवून युद्धबंदी करून दिली. चीनला लोकशाहीचं प्रेम नाही. त्याला एवढंच कळतं की रस्ता ज्याच्या अंगणातून जातो त्याच्याशी बोलावं लागतं. आपण ज्याला वास्तववाद म्हणतो त्यात एवढंसं वास्तवही नाही.

तटस्थतेची खरी परीक्षा न्यूयॉर्कमध्ये झाली नाही, मिझोरममध्ये झाली. मार्च 2021 मध्ये केंद्रीय गृहखात्याने सीमेवरच्या चार राज्यांना कळवलं की लोकांना येऊ देऊ नका, कुणाला निर्वासितांचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही. मिझोरमचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिलं की हे आमचे भाऊबंद आहेत, आम्ही बघत बसू शकत नाही. झोरामथांगा एके काळी त्याच मिझो नॅशनल फ्रंटचे बंडखोर, फ्रंटचे नेते लालडेंगा यांचे उजवे हात. सीमा ओलांडून जीव वाचवणं काय असतं हे त्यांना वाचून माहीत नव्हतं. मणिपूर सरकारने तर 26 मार्चला आदेश काढला: आलेल्यांसाठी छावण्या उघडू नका, अन्न-निवारा देऊ नका, सभ्यपणे परत पाठवा. फक्त गंभीर जखमी असेल तर माणुसकी म्हणून उपचार करा. ओरड झाली आणि तीन दिवसांत तो मागे घेतला. पण त्या आदेशातला तो अपवाद माझ्या डोक्यातून जात नाही. भूक लागली असेल तर नाही, गोळी लागली असेल तर चालेल. दुसऱ्या दिवशी, 27 मार्चला, नेप्यिदॉमध्ये लष्करदिनाचं संचलन झालं आणि त्याच दिवशी देशभर शंभरावर माणसं मारली गेली. त्या संचलनाला भारताचा प्रतिनिधी हजर होता.

पुढे 2023-24 मध्ये चिन आणि अराकान बंडखोरांपुढे टिकाव न लागून म्यानमारचे शेकडो सैनिकच मिझोरममध्ये पळून आले. त्यांना लेंगपुई विमानतळावरून विमानाने घरी पाठवलं. सैनिकांना विमान आणि त्यांच्यापासून पळालेल्यांना गृहखात्याचं पत्र, याला तटावर उभं राहणं म्हणत नाहीत.

भारताने उद्या राष्ट्रीय एकता सरकारला मान्यता द्यावी, असं मी म्हणत नाही. युरोपीय संसदेने त्याला पाठिंब्याचा ठराव केला, पण एकाही मोठ्या देशाने औपचारिक मान्यता दिलेली नाही, आणि डिसेंबर 2025 पासून लष्कराने टप्प्याटप्प्याने निवडणूक उरकून स्वतःला नवा मुलामा चढवला आहे. मान्यता ही शेवटची पायरी असते. आधी बोलावं लागतं. थायलंडने हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. मोएई नदीच्या थायलंडकडच्या काठावर, माय सोत गावात, डॉ. सिंथिया माँग यांनी 1989 मध्ये दवाखाना सुरू केला. त्या कारेन जमातीच्या, 1988 च्या दडपशाहीनंतर पळून आलेल्या. राजकारणात त्या सासांसारख्या उतरल्या नाहीत, दवाखाना सोडला नाही, आणि 2002 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. थायलंडनेही ब्रह्मी सेनापतींशी धंदा सोडला नाही, पण त्या दवाखान्याला कुलूपही लावलं नाही. पलीकडच्या माणसांची बाळं वर्षानुवर्षं त्या काठावर जन्मली. सीमेवरचा देश डोळे मिटून न घेताही आपलं हित पाहू शकतो, त्याचा हा तीस-पस्तीस वर्षांचा दाखला आहे.

आपल्याकडेही हे अर्धंमुर्धं घडतंच आहे, फक्त दिल्लीच्या पाठीमागे. चिन गट आपसांत भांडून दोन तटांत विभागले गेले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी एकत्र येण्याच्या करारावर सह्या केल्या त्या ऐजॉलमध्ये, मुख्यमंत्री लालदुहोमा यांच्या साक्षीने. पुढे पुन्हा कुरबुरी झाल्या, त्या होणारच. पण एका छोट्या राज्याचा मुख्यमंत्री, ज्याच्या हातात परराष्ट्र धोरणाचा एक कागद नाही, तो हे करू शकतो आणि दिल्लीतल्या परराष्ट्र खात्याला ते जमत नाही? उलट फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने दोन्हीकडच्या माणसांना 16 किलोमीटरपर्यंत मोकळं ये-जा करू देणारी व्यवस्था बंद करण्याचं आणि 1,643 किलोमीटरच्या सीमेवर कुंपण घालण्याचं जाहीर केलं. म्हणजे सियाहातल्या मारा माणसाने लैलेनपीतल्या मावशीला भेटायचं तर मधे तार.

सासांची गोष्ट या ठिकाणी मला सगळ्यात जास्त खटकते. ज्या काही थोड्या परदेशी मंत्र्यांनी त्यांचं ऐकून घेतलं ते वॉशिंग्टनमध्ये, लंडनमध्ये, युरोपात बसलेले. हा माणूस आपल्या शिलाँगला शिकला, त्याच्या जमातीची पुष्कळ माणसं भारतीय मतदार आहेत. परराष्ट्र खात्यातल्या एखाद्या सहसचिवाने ऐजॉलला जावं, सासांना किंवा त्यांच्यासारख्या कुणाला उघडपणे भेटावं आणि सियाहाच्या बाजूने औषधं कशी पाठवायची एवढ्या एकाच विषयावर तासभर बोलावं. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांत मत बदलावं लागत नाही, सेनापतींशी भांडण होत नाही. मिझोरम सरकारने खोली द्यायला नाही म्हटलं नसतं.